टिपले म्हणजे टिकले काय?

उज्जयिनीच्या श्रीमहाकालेश्वराच्या मंदिरात मोबाईल घेऊन जाण्यास डिसेंबर २०२२ मध्ये तेथील व्यवस्थापनाने मनाई केली, तेव्हा आमच्या ओळखीच्या मंडळींत दोन तट पडले. एक तट म्हणाला, बरे झाले. देवापुढे उभे राहून देवाकडे पाठ करणारे आणि स्वतःचीच छबी टिपणारे भक्त मंदिराबाहेरच शोभतात. दुसऱ्या तटात शिकलीसवरलेली व विश्वस्तपदे भूषविणारी माणसे अधिक. ती म्हणाली की ही मनाई म्हणजे काळाच्या प्रवाहाविरुद्ध पोहणे होय. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनी व चित्र टिपणारे यंत्र आहे, लक्षावधी हातांनी आमची परंपरा टिपली जात आहे, आता काहीही लोप पावण्याचे भय उरलेले नाही. मग हे हात अडवता कशाला?

पहिल्या तटाशी आमचे फारसे भांडण नाही. मंदिराच्या आवारात चित्रपटगीतांवर नाचून त्याची चित्रे जगभर पाठविणाऱ्यांची बाजू घेण्याची आमची इच्छा नाही. भांडण आहे ते दुसऱ्या तटाशी, आणि त्यांच्या त्या एका वाक्याशी: आता काहीही लोप पावणार नाही. हे वाक्य आम्ही गेली काही वर्षे देवस्थानांच्या सभांत, जीर्णोद्धाराच्या समारंभांत, इतकेच नव्हे तर वेदपाठशाळेच्या वार्षिक उत्सवातही ऐकत आलो आहो. ते खोटे आहे, आणि ज्या समाजाने ते खरे मानले त्या समाजाचा ठेवा अधिकच वेगाने नाहीसा होणार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उज्जयिनीची गोष्ट गोव्या-कोंकणातील वाचकांपुढे का मांडता, असे कोणी विचारील. महाकालेश्वराचे आज उभे असलेले देवालय अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांच्या पुढाकाराने पुन्हा उभे राहिले, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. तेराव्या शतकात इल्तुत्मिशच्या स्वारीत पूर्वीचे देवालय पडले, त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी आपल्यातल्याच एका कारभाऱ्याने ते बांधून काढले. पुढे १८१० च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेईपर्यंत शिंद्यांची गादी उज्जयिनीस होती, आणि क्षिप्रेच्या काठी मराठी घरे तेव्हापासून नांदत आली. म्हणजे उज्जयिनी आपणांस परकी नव्हे. शिवाय एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. रामचंद्रबाबांना दगड मिळाले, कारागीर मिळाले, द्रव्यही मिळाले. परंतु पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या देवालयात पहाटे कोणते वाद्य कोणत्या लयीत वाजत असे, अभिषेकाचे मंत्र कोणत्या स्वरांनी म्हटले जात असत, हे त्यांना कोणी सांगितले असेल? पाठीमागून पुढे आलेल्या माणसांच्या कंठांतून जेवढे आले तेवढेच आले. बाकीचे गेले. ते टिपून ठेवणारे यंत्र तेव्हा नव्हते. आज आहे, म्हणूनच त्या यंत्राविषयी अज्ञानाने बोलणे आज अक्षम्य ठरते.

प्रथम यंत्राचा मोठेपणा मोकळ्या मनाने मान्य करू. १८७७ साली एडिसनने कथिलाच्या वर्खावर आपला आवाज कोरला, त्या दिवसापासून पुढे शंभर वर्षे ध्वनी टिपावयाचा म्हणजे काहीतरी फिरवावे लागे. आधी नळकांडे फिरले, मग तबकडी फिरली; १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजानचा आवाज मेणाच्या फिरत्या तबकडीवरच खोदला गेला. १९३५ साली जर्मनीत चुंबकीय फितीचे यंत्र लोकांपुढे आले, १९६३ मध्ये कॅसेट आली, पाठोपाठ घराघरांत चित्रफितीची यंत्रे आली. ह्या सर्वांच्या पोटात मोटर, पट्टे, दाते आणि रुळे होती. कोंकणच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरे, पट्टा सैल पडे, आणि गाणारा मनुष्य स्वरात असूनही फीत बेसूर होई. ज्यांनी हे भोगले आहे ते जुन्या यंत्रांचे पोवाडे गाणार नाहीत. आम्हीही गात नाही.

मग हे फिरते भाग एकामागून एक गेले. १९६७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत दवोन कांग व सायमन झी यांनी विद्युत्-भार कोंडून ठेवणारी एक सूक्ष्म कोठडी कल्पिली. तिच्या चहूबाजूंस विद्युत्-रोधक आवरण, त्यामुळे वीज बंद केली तरी आतला भार जागच्या जागी राहतो. जपानात तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ व १९८७ मध्ये त्याच कल्पनेतून आजच्या मेमरी कार्डाची जननी घडविली. इकडे प्रकाश पकडणारी चकती बॉइल व स्मिथ या दोघांनी १९६९ साली काढली आणि त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिकाचे मानकरी केले गेले. २००४ च्या सुमारास दूरचित्रवाणीवाल्यांच्या कॅमेऱ्यांतूनही फीत जाऊन कार्ड आले. आज मोबाईल हातात घेतला तर आत ना चक्र, ना पट्टा, ना सुई. गाभाऱ्याच्या शांततेत यंत्राची घरघर नाही. जत्रेच्या धुळीत ते अडत नाही. पालखीबरोबर चालताना हादरे बसले तरी त्याचा तोल जात नाही. देवळाच्या कामासाठी ह्याहून सोयीचे यंत्र कोणी मागितले असते काय? नाही, हे आम्ही निःसंकोच म्हणतो.

येथवर आमचे आणि प्रतिपक्षाचे एकमत आहे. ह्यापुढे ते म्हणतात: हलणारे काही उरले नाही, म्हणून झिजणारे काही उरले नाही. येथे त्यांची चूक होते.

पहिली गोष्ट अशी की हलणारे काही उरले नाही हेच अर्धसत्य आहे. ध्वनी म्हणजे हवेची हालचाल. ती पकडावयाची तर काहीतरी हललेच पाहिजे. मोबाईलच्या ध्वनिग्राहकात सिलिकॉनचा एक इवलासा पडदा आहे, तो प्रत्येक स्वराबरोबर कापतो. आपल्या कानातही पडदाच आहे. भिंग नेमके जुळविण्यासाठी तेही केसभर पुढेमागे सरकते. पण हे असो. हा मुद्दा काथ्याकुटाचा म्हणून कोणी बाजूला सारील. खरा मुद्दा कोठडीतल्या भाराचा आहे. तो भार कायमचा कोंडलेला नसतो. प्रत्येक वेळी जुने पुसून नवे लिहिताना भोवतालचे आवरण थोडे झिजते. मग भार पाझरू लागतो, आणि उष्णता वाढली की अधिक वेगाने पाझरतो. नव्या कार्डात तो वर्षानुवर्षे राहील; सतत वापरून जुने झालेले कार्ड बंद कपाटात पडून असले तर त्याचा भरवसा नाही. त्यातच थोड्या जागेत अधिक माल भरण्याच्या हव्यासाने एकाच कोठडीत भाराच्या आठ, आता तर सोळा निरनिराळ्या पातळ्या ओळखावयाची रीत पडली आहे. पातळ्यांमधील अंतर जितके कमी, तितकी एकीची दुसरी होण्याची भीती जास्त. मे महिन्यात उज्जयिनीचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. देवळाच्या कचेरीतले लोखंडी कपाट तेव्हा काय तापत असेल, ह्याचा विचार विश्वस्तांनी कधी केला आहे काय?

आणि ह्या झिजेची एक दुष्ट तऱ्हा आहे. फीत झिजते तेव्हा ती बोलून दाखविते. खरखर वाढते, मधेच आवाज बुडतो. ऐकणाऱ्याला कळते की आता नवी प्रत काढावयास हवी. कार्ड बोलत नाही. आतली लहानसहान चूक आतल्या आतच दुरुस्त केली जाते, आणि दुरुस्तीच्या शक्तीबाहेर चूक गेली की एके दिवशी सगळेच नाहीसे होते.

आमच्या माहितीतील एका संस्थानाची गोष्ट सांगतो. नाव मुद्दामच सांगत नाही. तेथे एक वृद्ध कीर्तनकार चातुर्मासात सेवा करीत. नारदीय कीर्तनाची जुनी चाल, आख्यानाला जोडून येणारी पदे, आणि मधूनच कोंकणीत श्रोत्यांशी चाललेला तो गोड संवाद, असे सारे त्यांच्याकडे होते. त्यांच्या उतारवयात मंडळींनी दोन चातुर्मासांची कीर्तने टिपली. कौतुक झाले, शाली दिल्या गेल्या, आणि दोन कार्डे एका पाकिटात घालून कपाटात गेली. बुवा निवर्तले. अकरा वर्षांनी त्यांच्या नातवाने मागणी केली तेव्हा पाकीट निघाले. एका कार्डातून तीन कीर्तने निघाली, तीही तुटक. दुसरे कार्ड संगणकात घातले तर त्याने एकच प्रश्न विचारला, हे फॉरमॅट करावयाचे काय? त्याच कपाटाच्या खालच्या खणात त्याच बुवांच्या तरुणपणीची, साधारण पन्नास वर्षांपूर्वीची एक मोठ्या रिळाची फीत सापडली. बुरशी झाडून, जुने यंत्र शोधून ती लावली. आवाज मधूनमधून बुडत होता, पण बुवा गात होते. फीत चांगली आणि कार्ड वाईट, असा निष्कर्ष ह्यातून कोणी काढू नये. शेकडो फिती कुजून गेल्या आहेत. आम्हांला एवढेच दिसले की फीत महाग होती, यंत्र अवजड होते, म्हणून कोणीतरी तिच्यावर तारीख, स्थळ, आख्यानाचे नाव अशी चिठ्ठी चिकटविली होती. कार्डांवर काही लिहिलेले नव्हते. यंत्रातली चक्रे गेली त्याबरोबर आपले कष्टही गेले, अशी समजूत त्या मंडळींनी करून घेतली होती.

लक्षावधी हातांनी टिपले जात आहे, ह्या बढाईचा दुसरा भाग आता पाहू. ते लक्षावधी हात नेमके काय टिपतात? महाकालाच्या पहाटेच्या भस्मारतीत शंख, झांजा, डमरू ह्यांचा कल्लोळ उठतो आणि त्याच्या पोटात मंत्रांचा आवाज असतो. मोबाईल आपल्या बुद्धीने मोठा आवाज खाली दाबतो आणि लहान आवाज वर उचलतो. संभाषणासाठी घडविलेले ते यंत्र संथ, अखंड चालणाऱ्या आवाजास कित्येकदा गोंगाट समजून पुसू पाहते. तंबोरा हा त्याच्या लेखी गोंगाटच! मग ते चित्र एकाकडून दुसऱ्याकडे पाठविताना पुन्हा पिळून लहान केले जाते. दहाव्या माणसाकडे पोहोचते ते आरतीचे सोंग असते.

आपल्या घुमटाचे उदाहरण घ्या. घोरपडीच्या कातड्याने मढविलेल्या घुमटाचा नाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना बकऱ्याच्या कातड्याचा घुमट निराळा लागतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीस संरक्षण दिले, ते योग्यच झाले. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसावाद्याचा मान दिला, तेही योग्यच. परंतु ह्याचा अर्थ असा की जुना नाद आता नव्याने निर्माण होणार नाही. तो कोणी नीट टिपला असेल तेथेच आणि तेवढाच आहे. मोबाईलने दाबून-उचलून सपाट केलेल्या चवथीच्या आरतीत तो नाद शोधू जाल तर फुटक्या डब्याचा आवाज सापडेल. उद्याचा अभ्यासक त्यालाच प्रमाण मानून चालला तर दोष कोणाचा?

विश्वस्तमंडळी येथे म्हणतात की आमच्या देवळात तर सोळा कॅमेरे आहेत आणि थेट दर्शन अहोरात्र चालू आहे. अहो, ते पाळतीचे कॅमेरे आहेत. त्यांचे मुद्रण काही दिवसांनी स्वतःच्याच उरावर नवे लिहिते. आणि थेट दर्शन हे दर्शन आहे, संग्रह नव्हे. परक्या कंपन्यांच्या आश्रयाला ठेवलेला ठेवा म्हणाल तर त्याचे दोन दाखले पुरेत. मायस्पेस नावाच्या एके काळच्या प्रख्यात संकेतस्थळाने २०१९ मध्ये सांगून टाकले की संगणक बदलताना बारा वर्षांत लोकांनी ठेवलेले संगीत, म्हणजे सुमारे ५ कोटी गाणी, हरवली. आणि आपल्याकडे २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा त्यावरील कोट्यवधी चित्रफिती भारतातील लोकांच्या दृष्टीआड झाल्या. त्यात कितीतरी गावांच्या पालख्या, दिंड्या आणि जागर असणार. बंदी योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. ज्याने आपल्या घरी प्रत ठेवली नाही त्याचे गेले.

आता उज्जयिनीतल्याच दुसऱ्या एका स्थळाकडे वळू. महर्षि सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान १९८७ साली दिल्लीत स्थापन झाले आणि १९९३ मध्ये उज्जयिनीस आले. देशभरातील वेदपाठशाळांना व गुरुशिष्य-परंपरेने शिकविणाऱ्या पंडितांना अनुदान देणे, वेदांचे मौखिक अध्ययन चालू ठेवणे, हे त्याचे काम. ह्याच नगरीत सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण-बलराम शिकले आणि चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला त्यांनी एकदाच ऐकून आत्मसात केल्या, असे भागवत सांगते. एकदा ऐकून येण्यास श्रीकृष्णच व्हावे लागते. आपल्यासारख्यांसाठी ऋषींनी वेगळी तजवीज केली आहे, आणि ती तजवीज पाहून आजच्या यंत्रशास्त्रज्ञानेही मान तुकवावी.

वेदाची पदे सरळ म्हटली म्हणजे काम झाले असे ते मानीत नाहीत. जटापाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे अशी पदे विणली जातात. घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे. आणि मग एक पद पुढे सरकून तोच क्रम. एखादे अक्षर गळले, एखादा स्वर बदलला, तर तो उलटसुलट विणीत कोठेतरी अडतोच. मेमरी कार्डही मूळ मजकुराबरोबर काही जादा अंक लिहून ठेवते आणि वाचताना ते ताडून चूक ओळखते, तत्त्व एकच. ज्या परंपरेने लोखंड, मेण, फीत, सिलिकॉन ह्यांपैकी काहीही न वापरता एवढा प्रचंड पाठ पिढ्यान्‌पिढ्या जपला, तिला २००३ साली युनेस्कोने मानवजातीच्या मौखिक वारशाच्या श्रेष्ठ कृतींत गणले ह्यात नवल नाही. नवल ह्याचे वाटते की तिचे वारस असलेले आपण आज म्हणतो, प्रत्येक शाखेचा एकेक घनपाठी बोलावून सगळे टिपून घ्या आणि पाठशाळांचा खर्च वाचवा.

हा विनोद नव्हे. अशा अर्थाची सूचना आम्ही एका सभेत स्वकर्णांनी ऐकली, आणि तीस टाळ्या पडल्या हेही पाहिले.

शुक्ल यजुर्वेदाची माध्यंदिन शाखा महाराष्ट्रात आणि माळव्यात सारखीच नांदते. त्या शाखेत उदात्त-अनुदात्तादि स्वर हाताच्या हालचालींनी दाखविले जातात. कित्येक ठिकाणी ‘ष’ चा उच्चार ‘ख’ होतो. आता केवळ ध्वनी टिपलात तर हात गेला. चित्र टिपलेत, पण कॅमेरा पंडिताच्या कपाळावरील गंधाकडे आणि शेजारच्या समईकडे रोखला, आणि हौशी चित्रण बहुधा असेच असते, तरीही हात गेला. आणि हातासकट सारे टिपले असे धरू. ‘ष’ चा ‘ख’ ही चूक की रीत, हे समोरच्या मुलाला कोण सांगणार? मुलाने चुकीचा स्वर लावला तर यंत्र त्याला थांबविणार आहे काय? टिपलेला पाठ ऐकवू शकतो; शिष्याचे ऐकू शकत नाही. गुरुकुलात निम्मे काम गुरूच्या कानाचे असते.

येथे प्रतिपक्ष कुमार गंधर्वांना पुढे करतो. उज्जयिनीपासून जवळच देवासला राहून ज्यांनी माळव्याच्या लोकधुनांना नवे आयुष्य दिले, ते कुमारजी लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकूनच मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करीत, हे प्रसिद्ध आहे. मग यंत्र हे गुरू झाले नाही काय? झाले, काही दिवस झाले. परंतु त्याच मुलाला मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकावयास ठेवावे लागले, ही पुढची ओळ मंडळी विसरतात. तबकड्यांनी मुलाला नक्कल दिली. गायक होण्यासाठी त्याचे गाणे ऐकणारा मनुष्य लागला.

ह्याउलट टिपण्याला तुच्छ लेखणारेही आपल्यात आहेत. त्यांनाही एक दाखला देणे न्याय्य होईल. १९७५ साली केरळातील पांजाळ ह्या गावी नंबूतिरी ब्राह्मणांनी अग्निचयन केले, तेव्हा फ्रिट्स स्टाल ह्या विद्वानाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ते बारा दिवसांचे कर्म चित्रफितीवर आणि ध्वनिफितीवर टिपले. पुढे १९८३ मध्ये त्याचे दोन मोठे खंड निघाले. हे कर्म पुन्हा होईल की नाही अशी शंका तेव्हा होती. २०११ मध्ये त्याच पांजाळात ते पुन्हा झाले. फितीमुळे झाले असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. जाणते ऋत्विज नसते तर सगळ्या फिती मिळूनही एक वीट रचली गेली नसती. पण कोणी, कोठे, कोणत्या क्रमाने काय केले हे नावनिशीवार नोंदविलेले असल्यामुळे १९७५ चे पांजाळ आजही अभ्यासता येते. त्या टिपण्यात श्रम होते, परवानग्या होत्या, खर्च होता, आणि नोंदवही होती.

उज्जयिनीस जाणाऱ्या यात्रेकरूने सवाई जयसिंगाने बांधलेली वेधशाळाही पाहावी. सम्राटयंत्र, नाडीवलय, भित्तियंत्र. चुना आणि दगड, चक्र नाही, दाते नाहीत. सावली सरकते, यंत्र स्थिर. अठराव्या शतकात बांधलेली ती यंत्रे पुढे पडीक झाली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या काळी, १९२३ मध्ये, ज्योतिषी गोविंद सदाशिव आपटे यांच्या खटपटीने ती दुरुस्त होऊन पुन्हा वेध घेऊ लागली. मधल्या काळातही सावली रोज सरकतच होती. ती पाहून लिहून ठेवणारा मनुष्य तेवढा नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की महाकालाच्या व्यवस्थापनाने भाविकांचे मोबाईल बाहेर ठेवविले हे अर्धे काम झाले; उरलेले अर्धे काम देवस्थानांनी स्वतः करावयाचे आहे, आणि हे आम्ही उज्जयिनीपुरते बोलत नसून कवळे-मंगेशीपासून कारवारपर्यंतच्या आपल्या प्रत्येक संस्थानाला उद्देशून बोलत आहो. गर्दीच्या हातांतून यंत्र काढून घेतले, तर ते एका जबाबदार हातात दिले पाहिजे. वर्षातून काही दिवस नेमून, दारे लोटून, चांगल्या ध्वनिग्राहकांनी, आवाज न दाबता, न पिळता, आपल्या देवळातील पूजा, चौघडा, आरत्या, कीर्तन टिपावे. गाणारा कोण, वाजविणारा कोण, चाल कोणाकडून आली, तारीख कोणती, हे कागदावर शाईने लिहावे. मुद्रणात ही माहिती बोलूनही घ्यावी. ज्या घराण्याकडे सेवा आहे त्याची परवानगी घ्यावी आणि त्याला मानधन द्यावे. त्यांच्या कंठावर देवस्थानाची मालकी आहे अशा थाटात वागू नये. जे मंत्र वा विधी जाहीर करावयाचे नाहीत असे आचार्य सांगतील, ते जपावे पण जाहीर करू नयेत.

मग प्रती. एक प्रत म्हणजे शून्य प्रत असे समजून चालावे. निदान तीन, त्यांतील एक परगावी, आणि सगळ्या एकाच जातीच्या वस्तूंवर नकोत. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. जगातील मोठमोठे संग्रह आजही आपला ठेवा दीर्घकाळ जपण्यासाठी चुंबकीय फितीच वापरतात. २०२१ मध्ये आलेल्या अशा एका जातीच्या एकाच फितीत मोबाईलमधील हजारो तासांचे चित्रण मावते. म्हणजे टिपण्याचे काम चक्र नसलेल्या यंत्राने करावे आणि जपण्याचे काम पुन्हा चक्रावर सोपवावे, असा शहाण्यांचा व्यवहार आहे. लहान देवस्थानांना ती महागडी यंत्रे परवडणार नाहीत हे आम्ही जाणतो. त्यांनी चार-सहा मिळून एखाद्या विद्यापीठाशी वा संग्रहाशी करार करावा. १९८२ साली पुण्यात सुरू झालेले आणि पुढे दिल्लीमार्गे गुरुग्रामास गेलेले संगीतशास्त्राचे अभिलेखागार हेच काम पद्धतशीर करीत आले आहे. असे हात मागितले तर मिळतात. पण दर तीन-चार वर्षांनी कपाट उघडून, प्रत लावून, ऐकून, नवी प्रत काढावयाची, हे काम मात्र दुसरा कोणी करणार नाही. देवाच्या दागिन्यांची मोजदाद दरसाल पंचांसमक्ष होते. त्याच दिवशी, त्याच पंचांसमक्ष, ही मोजदाद का होऊ नये?

आणि हे सर्व करताना पाठशाळेच्या, कीर्तनकाराच्या, चौघडेवाल्याच्या मानधनातील एक पैसाही ह्या खात्याकडे वळवू नये. तसे होणार असेल तर आम्ही म्हणू की यंत्र परत करा.

२०२८ साली उज्जयिनीस सिंहस्थ भरेल. कोट्यवधी माणसे येतील, कोट्यवधी यंत्रे क्षिप्रेच्या घाटांवर उंचावतील, आणि दुसऱ्या तटातील आमचे मित्र पुन्हा तेच वाक्य उच्चारतील. तोपर्यंत निदान आपल्या संस्थानांनी काय टिपले, कोठे ठेवले आणि शेवटचे केव्हा ऐकले, ह्या तीन गोष्टी वार्षिक अहवालात छापाव्यात, असा ठराव आम्ही मांडणार आहो. वर सांगितलेल्या संस्थानाची सभा कार्तिकात आहे. बुवांच्या त्या जुन्या रिळाची नवी प्रत काढण्याचा खर्च तेथे चर्चेस येईल. कोणी म्हणतील, एवढ्या पैशांत सभामंडपात आणखी दोन कॅमेरे बसतील. आम्ही त्या सभेस जाणार आहो, आणि बुवांचा नातूही येणार आहे.